लोव्हानियम: किन्शासाच्या टेकडीवरचं कॅथलिक विद्यापीठ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोव्हानियम म्हणजे नक्की काय? आज ते आहे का?

या नावाचं विद्यापीठ आज नाही. १९५४ ते १९७१ अशी जेमतेम सतरा वर्षं ते चाललं. बेल्जियन काँगोची राजधानी लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजचं किन्शासा. शहराच्या दक्षिणेला, किम्वेन्झाच्या बाजूच्या टेकाडावर ते वसवलं होतं. 'लोव्हानियम' हे बेल्जियममधल्या लूव्हेन शहराचं लॅटिन नाव. तिथलं कॅथलिक विद्यापीठ १४२५ सालचं. त्याने काँगोत काढलेलं हे खासगी विद्यापीठ, म्हणजे माहेरचं नाव मिरवत सासरी आलेली लेक. नाव माहेरचं, जमीन सासरची आणि पैसा तिसऱ्याचाच, असा सगळा मामला होता. पुढची सगळी भांडणं त्यातूनच उभी राहिली.

नावांचा गोंधळ होतो. लिओपोल्डव्हिल की किन्शासा? काँगो की झैर?

मुंबईकरांना व्हीटीचं सीएसएमटी झालेलं पचलं आहे, हेही पचेल. लिओपोल्डव्हिलचं किन्शासा, एलिझाबेथव्हिलचं लुबुम्बाशी आणि स्टॅन्लेव्हिलचं किसांगानी १९६६ मध्ये झालं. देश ३० जून १९६० पर्यंत बेल्जियन काँगो, मग नुसता काँगो, १९७१ ते १९९७ झैर आणि नंतर पुन्हा काँगो. नदीपलीकडे ब्राझाव्हिल राजधानी असलेला दुसरा काँगो आहे. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.

बेल्जियनांनी विद्यापीठ इतक्या उशिरा का काढलं?

कारण त्यांना ते नकोच होतं. इंग्रजांनी मुंबई विद्यापीठ १८५७ मध्येच काढलं होतं. आफ्रिकेत नायजेरियातलं इबादान आणि घानातलं लेगॉन ही त्यांची विद्यापीठ-महाविद्यालयं १९४८ ची. काँगोत मात्र बेल्जियन कारभाराचं ब्रीद असल्यासारखं एक वाक्य फिरायचं: शिकलेला वर्ग नको, म्हणजे कटकट नको. प्राथमिक शाळा भरपूर होत्या आणि बहुतेक मिशनच्या. खाणीत, रेल्वेत, दवाखान्यात आणि कारकुनीत लागेल तेवढं शिक्षण मिळायचं. त्यापुढचा रस्ता जवळपास एकच, धर्मगुरू होण्यासाठीची सेमिनरी. तिथे लॅटिन आणि तत्त्वज्ञान शिकवत. बेल्जियन काँगोच्या पहिल्या कॅथलिक धर्मगुरूला, स्टेफानो काओझेंना, १९१७ मध्येच दीक्षा मिळाली होती. म्हणजे काँगोच्या माणसाला लॅटिनमधून ईश्वरशास्त्र शिकवता येतं हे बेल्जियनांना पक्कं ठाऊक होतं. पण त्याच माणसाला कायदा किंवा इंजिनिअरिंग शिकवायचं म्हटलं की त्यांचा हात आखडायचा.

माध्यमिक शाळाच मोजक्या, त्यामुळे विद्यापीठात बसायला मुलं आणणार कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ही सबब वर्षानुवर्षं वापरली गेली, आणि आड कोरडा कोणी ठेवला हे कोणी विचारायचं नाही.

लूव्हेनने मात्र आधीपासून पाय रोवले होते. १९२६ पासून किसांतू इथे त्यांचं वैद्यकीय काम होतं, रुग्णालय आणि मदतनीसांचं प्रशिक्षण. १९३२ पासून शेतीशिक्षणाची केंद्रं आली. यातून डॉक्टर नव्हे तर वैद्यकीय सहायक आणि कृषितज्ज्ञ नव्हे तर कृषी सहायक तयार व्हायचे. त्या काळात काँगोच्या माणसाच्या बहुतेक पदांना शेपूट असायचं, 'सहायक'.

मग सरकारने स्वतः न काढता चर्चला का काढू दिलं?

शिक्षण चर्चच्या हातात होतंच. शिवाय काँगोत मुलं शिकलीच, तर ती निदान धर्माच्या सावलीत शिकावीत, असा हिशेब होता. युरोपात गेलेला विद्यार्थी डावा होऊन परततो ही भीती सगळ्याच वसाहतवाद्यांना होती. विद्यापीठाची जागा ठरली, वसाहत सरकारने भरघोस अनुदान दिलं. पुढे अमेरिकेतल्या फोर्ड आणि रॉकफेलर प्रतिष्ठानांचा आणि अमेरिकी सरकारी मदतीचाही पैसा आला. म्हणून 'खासगी' हा शब्द जपून वाचावा. मालकी खासगी, खर्च मात्र सरकारी तिजोरीतून आणि परदेशी देणग्यांतून.

१९५४ मध्येच बेल्जियममध्ये उदारमतवादी आणि समाजवाद्यांचं सरकार आलं. वसाहतमंत्री ओग्युस्त ब्युइसरे यांना शिक्षणातली चर्चची मक्तेदारी खुपत होती. बेल्जियममध्ये तेव्हा 'शाळायुद्ध' पेटलं होतं, ते त्यांनी काँगोतही नेलं. काँगोत सरकारी, धर्मनिरपेक्ष शाळा काढल्या आणि १९५६ मध्ये एलिझाबेथव्हिलला सरकारी विद्यापीठही उघडलं. जिथे पन्नास वर्षं एकही विद्यापीठ नव्हतं तिथे दोन वर्षांत दोन! ही भांडणं बेल्जियनांची आपापसातली होती, काँगोच्या लोकांना मधल्या मधे दोन विद्यापीठं मिळाली.

सुरुवात कशी झाली?

ऑक्टोबर १९५४ मध्ये ३३ विद्यार्थी आणि ७ प्राध्यापकांनिशी. गोरे आणि काळे विद्यार्थी एकाच वर्गात बसायचे. आज हे वाचून काही वाटत नाही, पण तेव्हा त्याच शहरात गोऱ्यांची वस्ती वेगळी आणि 'देशी' वस्ती वेगळी होती, रात्री एकीतून दुसरीत जायलाही बंधनं होती. टेकडीवर एकत्र जेवायचं आणि उतारावरून खाली आलं की आपापल्या रांगेत उभं राहायचं. पहिले रेक्टर (आपल्याकडचे कुलगुरू म्हणा) ल्युक जियों हे धर्मगुरू, शिवाय अणुभौतिकशास्त्रज्ञ, तेव्हा तिशीतले. माणूस धडाक्याचा. वसतिगृहं, प्रयोगशाळा, रुग्णालय, टेकडीवर उठून दिसणारं चर्च, सगळं त्यांनी झपाट्याने उभं केलं. कॅथलिक नसलेल्यांनाही प्रवेश होता. शिकवणं फ्रेंचमध्ये.

आफ्रिकेतली पहिली अणुभट्टी खरंच या विद्यापीठात होती?

होती. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि 'होती' म्हटलं की विचारणाऱ्याला वाटतं त्याची थट्टा चालली आहे.

हिरोशिमावरच्या बाँबचं बरंचसं युरेनियम काँगोतल्या शिंकोलोब्वे खाणीतलं होतं. बेल्जियमने अमेरिकेला ते दिलं, त्या बदल्यात अणुसंशोधनाची दारं उघडली गेली. जियोंनी संधी साधली. ६ जून १९५९ रोजी टेकडीवरची ट्रायगा जातीची छोटी, ५० किलोवॅटची संशोधन अणुभट्टी सुरू झाली. तिचं नाव ट्रिको. तुलनेसाठी, तुर्भ्याची 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ ची. म्हणजे आशियात भाभांच्या मागोमाग तीनच वर्षांनी आफ्रिकेत, तेही एका धर्मगुरूच्या हाताखालच्या विद्यापीठात. फरक एवढाच की अप्सरा आपल्या शास्त्रज्ञांनी इथे बांधली होती, ट्रिको तयार आली होती. आणि स्वातंत्र्याला वर्षभर उरलेलं असताना देशातले काळे पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याजोगे होते. युरेनियम काँगोचं, भट्टी अमेरिकेची, चालवणारे बेल्जियन.

१९७२ मध्ये मोठी, १ मेगावॅटची दुसरी भट्टी आली. पहिलीतल्या इंधनाच्या दोन कांड्या सत्तरच्या दशकात चोरीला गेल्या. त्यातली एक १९९८ मध्ये इटलीत, माफियाच्या हातात सापडली. दुसरी आजवर मिळालेली नाही. २००४ पासून मोठी भट्टीही बंद आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी काँगोत खरंच वीसही पदवीधर नव्हते?

दीड-दोन कोटींच्या देशात पदवीधर वीसच्या आत, असं सर्वसाधारणपणे सांगतात. कोणी १६ म्हणतं, कोणी थोडे जास्त. मोजणी धर्मशास्त्राच्या पदव्या धरता की नाही यावर अवलंबून आहे. सेमिनरीतून आलेले काँगोचे धर्मगुरू त्याच वेळी पाचशेंच्या वर होते. टॉमस कान्झा १९५६ मध्ये खुद्द लूव्हेनमधून पदवीधर झाले, तेव्हा ती देशभराची बातमी होती. सैन्यात मात्र एकही काळा अधिकारी नव्हता.

लोव्हानियमची पहिली पदवी तुकडी १९५८ ची. म्हणजे पीक हाती यायला लागलं तोच राज्य हातात आलं. सप्टेंबर १९६० मध्ये लष्करी अधिकारी कर्नल मोबुटूने देशाचे पहिले पंतप्रधान लुमुंबा यांचं सरकार बाजूला सारून 'आयुक्त मंडळ' नेमलं. त्यात बरेच जण नुकते पदवी घेतलेले किंवा अजून शिकतच असलेले. एत्येन चिसेकेदी तेव्हा लोव्हानियममध्ये कायदा शिकत होते आणि त्याच वेळी न्याय खात्याचे उपआयुक्त होते. १९६१ मध्ये त्यांनी पदवी पूर्ण केली. पुढे ते काही वर्षं मोबुटूच्या मंत्रिमंडळात होते, आणि नंतर त्याचे सगळ्यात हट्टी विरोधक. आजचे राष्ट्राध्यक्ष फेलिक्स चिसेकेदी त्यांचे चिरंजीव.

'आफ्रिकी धर्मशास्त्रा'चा वाद काय होता?

विद्यापीठात धर्मशास्त्राची शाखा १९५७ पासून होती. जानेवारी १९६० मध्ये तिथे एक जाहीर वाद झाला. एका बाजूला शाखेचे डीन, बेल्जियन धर्मगुरू आल्फ्रेड फानेस्ते. दुसऱ्या बाजूला त्यांचाच विद्यार्थी, थार्सिस चिबांगू. चिबांगूंचं म्हणणं, ख्रिस्ती धर्मविचाराला आफ्रिकी रंग असू शकतो. इथल्या माणसाची विचार करण्याची रीत, त्याचे पूर्वज, त्याची मृत्यूची आणि जिवंतपणाची कल्पना यांतून तो विचार मांडता आला पाहिजे. फानेस्तेंचं उत्तर, खरं धर्मशास्त्र सगळ्यांसाठी एकच असतं, त्याला खंडाखंडाचे रंग लावले तर ते शास्त्र राहत नाही.

मला या वादातलं सगळ्यात गमतीचं वाटतं ते असं की विद्यार्थी उठून डीनशी वाद घालतो आणि ते सगळे ऐकून घेतात. लोव्हानियमच्या अब्रूत हे जमा धरायला हवं. दुसरं म्हणजे वरवर देवाधर्माचा वाटणारा हा झगडा आतून मालकीचाच होता: हा विचार कोणाचा? तोच प्रश्न पुढच्या दहा वर्षांत विद्यार्थ्यांनी विद्यापीठाबद्दल विचारला. हेच चिबांगू १९६७ मध्ये लोव्हानियमचे पहिले काँगोली रेक्टर झाले.

विद्यार्थ्यांचं नेमकं म्हणणं काय होतं? फी?

फी हा मुद्दा नंतरचा. १९६४ च्या मार्चमध्ये पहिला मोठा संप झाला, त्यात मागणी होती ती कारभारात वाटा देण्याची. स्वातंत्र्याला चार वर्षं झाली, तरी विद्यापीठाच्या किल्ल्या बेल्जियममध्ये, प्राध्यापक बहुतेक बेल्जियन, अभ्यासक्रम लूव्हेनची नक्कल. काँगोचे प्राध्यापक नेमा, काँगोचा अभ्यास शिकवा, आम्हाला मंडळावर घ्या. त्यांचा शब्द 'सहव्यवस्थापन'.

त्याच वर्षी पूर्वेत सिम्बा बंड भडकलं. स्टॅन्लेव्हिलमधलं १९६३ सालचं प्रोटेस्टंट विद्यापीठ तिथे चालवणं अशक्य झालं आणि त्याने राजधानीत आसरा घेतला, तोही लोव्हानियमच्याच आवारात. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

१९६५ च्या नोव्हेंबरात मोबुटूने दुसऱ्यांदा सत्ता घेतली. सुरुवातीला विद्यार्थी संघटनेशी त्याचं बरं जमत होतं, कारण त्याने लुमुंबांना राष्ट्रवीर जाहीर केलं आणि बेल्जियन खाण कंपनीला हिसका दाखवला. ते फार टिकलं नाही. जानेवारी १९६८ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री किन्शासात लुमुंबा स्मारकावर पुष्पचक्र वाहायला आले, तेव्हा विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली. ज्यांच्या आशीर्वादाने लुमुंबा मारले गेले, त्यांच्याच हातचं फूल? विद्यार्थी संघटनेवर बंदी आली.

४ जून १९६९ ला काय झालं?

शिष्यवृत्ती तुटपुंजी होती आणि मंत्र्यांच्या मोटारी वाढत होत्या. लोव्हानियमचे आणि शहरातल्या इतर संस्थांचे विद्यार्थी त्या सकाळी शहरात मोर्चा घेऊन निघाले. सैन्य वाटेत उभं होतं. गोळीबार झाला. सरकारने मोजकेच मृत मान्य केले. विद्यार्थ्यांच्या हिशेबात तो आकडा कित्येक पटींनी मोठा होता. नेमका आकडा लागत नाही याला कारण आहे: सैनिकांनी मृतदेह उचलून नेले आणि घरच्यांना न देता गुपचूप पुरले. प्रेत नाही, तर अंत्यविधी नाही. काँगोत मृताजवळ रात्रभर बसून जागरण करायची रीत, तीही त्या आयांच्या वाट्याला आली नाही.

विद्यार्थी नेत्यांवर खटले चालले, लांब मुदतीच्या शिक्षा झाल्या आणि काही महिन्यांनी मोबुटूने उदारपणे माफी दिली. हुकूमशहा माफी देतो तेव्हा गुन्हा कोणाचा होता हा प्रश्न आपसूक मिटतो.

मग १९७१ मध्ये विद्यापीठ बंद का पडलं?

बंद पडलं नाही, घेतलं गेलं. ४ जून १९७१ ला टेकडीवर विद्यार्थ्यांनी दोन वर्षांपूर्वीच्या मृतांचं स्मरण केलं. मोबुटूला ते सोसलं नाही. सैन्य आवारात घुसलं, विद्यापीठाला टाळं लागलं आणि विद्यार्थ्यांना सरसकट सैन्यात भरती केलं. कालपर्यंत कायद्याची कलमं घोकणारा पोरगा आज डोकं भादरून कवायतीला उभा. काहींनी पुढचा अभ्यास वर्दीतच केला.

ऑगस्टमध्ये लोव्हानियम, लुबुम्बाशीचं सरकारी आणि किसांगानीचं प्रोटेस्टंट अशी तिन्ही विद्यापीठं मोडून एक 'झैर राष्ट्रीय विद्यापीठ' केलं गेलं. (देशाचं नाव झैर दोन महिन्यांनी झालं, पण त्या गोष्टी एकाच डोक्यातून निघत होत्या.) विद्यार्थी सात वर्षं ओरडत होते की विद्यापीठ काँगोचं करा. मोबुटूने ते केलं, फक्त काँगो म्हणजे मी असा त्याचा अर्थ लावला. तीन संस्थांनी घडवलेलं सगळं आयतं हाती आलं. आयत्या बिळावर नागोबा.

चर्च गप्प बसलं का?

याचं सरळ उत्तर देता येत नाही. राष्ट्रीय विद्यापीठाचे रेक्टर म्हणून मोबुटूने नेमलं ते चिबांगूंनाच, आणि ते तेव्हा किन्शासाचे सहायक बिशप होते. त्यांनी ते पद १९८१ पर्यंत सांभाळलं. कोणी याला तडजोड म्हणतं, कोणी 'आत राहून वाचवता येईल तेवढं वाचवलं' म्हणतं. मी दुसऱ्या बाजूला थोडा झुकतो, पण विद्यार्थ्यांच्या आईवडिलांना हे पटलं असतं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

किन्शासाचे कार्डिनल जोझेफ मालुला वेगळ्या मातीचे. 'अस्सलपणा'च्या, म्हणजे परकं टाकून आफ्रिकी व्हायच्या, नावाखाली मोबुटूने ख्रिस्ती नावांवर बंदी आणली, सत्ताधारी पक्षाच्या युवक शाखा सेमिनऱ्यांमध्येही घुसवायला निघाला. मालुलांनी ठाम नकार दिला. १९७२ मध्ये त्यांना काही महिने देश सोडून रोमला राहावं लागलं आणि त्यांचं राहतं घर काढून घेतलं गेलं. गंमत अशी की आफ्रिकी रीतीची उपासना, ढोल, नाच, पूर्वजांचं आवाहन यांचा आग्रह सगळ्यात आधी मालुलांनीच धरला होता. रोमने ती 'झैर रीत' १९८८ मध्ये मान्य केली. अस्सलपणा त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

राष्ट्रीय विद्यापीठाचं पुढे काय झालं?

शाखांची वाटणी झाली. वैद्यक, कायदा, विज्ञान किन्शासात राहिलं, साहित्य आणि समाजशास्त्रं दीड हजार किलोमीटरवरच्या लुबुम्बाशीला धाडली. राजकारणावर बोलणारी डोकी राजधानीपासून लांब गेली, हा योगायोग समजणारे फार भोळे. ग्रंथालयं मोडली, प्राध्यापक पांगले, बेल्जियन परतले. लोव्हानियममध्ये शिकलेले विचारवंत व्ही. वाय. मुदिम्बे याच काळात लुबुम्बाशीला शिकवत होते. १९८० च्या सुमारास त्यांनी देश सोडला. १९८१ मध्ये सगळा प्रयोग मोडीत काढून पुन्हा तीन विद्यापीठं केली. टेकडीवरचं आता किन्शासा विद्यापीठ.

मग लोव्हानियमचा वारस कोण? किन्शासा विद्यापीठ की काँगोचं कॅथलिक विद्यापीठ?

दोघेही, आणि वाटणी अगदी भाऊबंदकीसारखी. टेकडी, इमारती, रुग्णालय, भट्टी आणि चर्चसुद्धा सरकारी विद्यापीठाकडे. धर्मशास्त्राची शाखा १९७० च्या दशकाच्या मध्यावर सरकारने राष्ट्रीय विद्यापीठाबाहेर काढली. ज्या राज्याने शाळांतून धर्मशिक्षण काढलं त्याला धर्मशास्त्राचा विभाग नकोच होता. बिशपांनी तो उचलला आणि वेगळा चालवला. १९८७ मध्ये त्याची 'किन्शासाची कॅथलिक विद्याशाखा' झाली, २००९ मध्ये 'काँगोचं कॅथलिक विद्यापीठ'. म्हणजे हाकलून दिलेल्या एका खोलीतून पुन्हा घर उभं राहिलं, फक्त टेकडी नाही मिळाली.

इथून कोण शिकून गेलं?

नावं बरीच आहेत, मी एकच सांगतो. जाँ-जाक मुयेम्बे, लोव्हानियममधून १९६९ मध्ये डॉक्टर झाले. म्हणजे गोळीबाराच्याच वर्षी. १९७६ मध्ये उत्तरेकडच्या याम्बुकू गावातल्या मिशन रुग्णालयात माणसं पटापट मरत होती, तेव्हा त्यांना पाठवलं गेलं. हातमोजे नव्हते. त्यांनी उघड्या हातांनी रुग्णांचं रक्त घेतलं. सुई काढली की जखमेतून रक्त थांबेचना, आणि त्यांचे हात त्याने माखले. साबण-पाण्याने हात धुतले एवढाच बचाव. आजारी ननला ते विमानाने किन्शासाला घेऊन आले, तिचे नमुने थर्मासमधून बेल्जियमला गेले, आणि त्यात जो विषाणू सापडला तो इबोला. मुयेम्बे वाचले आणि पुढची चाळीसहून जास्त वर्षं त्याच रोगाशी झगडत राहिले.

आज टेकडीवर काय दिसतं?

काही हजारांसाठी बांधलेल्या आवारात आज कित्येक पटींनी विद्यार्थी. वसतिगृहाच्या एका खोलीत ज्याच्या नावावर पलंग आहे तो, आणि त्याच्या आसऱ्याने जमिनीवर झोपणारे दोन-चार. अशा बिननावाच्या राहणाऱ्याला तिथे 'माकिझार' म्हणतात, म्हणजे जंगलात लपलेला बंडखोर. जानेवारी २०२० मध्ये फीवाढीवरून विद्यार्थी आणि पोलीस भिडले, विद्यापीठ बंद करून वसतिगृहं रिकामी करायला लावली गेली.

आणि टेकडी खचते आहे. किन्शासाची जमीन वाळूची, झाडं तोडलेली, गटारं तुंबलेली. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला एक चीर पडते, दोन पावसांत तिचा नाला होतो आणि पुढच्या वर्षी तिथे घर मावेल एवढी घळ असते. बंद पडलेल्या अणुभट्टीच्या बाजूलाही अशा घळी सरकत आल्यामुळे काळजी आहे. त्या थोपवायला लोक वाळूची पोती लावतात, बांबू लावतात, आणि पाऊस आला की पोती कुठवर टिकली हे बघायला सकाळी लवकर बाहेर येतात.